मुलांकडे जपानला गेलात, तर एक दिवस ओकायामासाठी

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलं नाही असा पुणेकर विरळा. पण ते ज्या बागेवरून बेतलं, ती मूळ बाग जपानच्या ओकायामा शहरात आहे आणि ओसाका किंवा कोबेला मुलाकडे-मुलीकडे गेलेल्या माणसाला सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी परत येता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. महिनाभर राहायला गेलेले आई-बाबा क्योतो, नारा करून येतात आणि उरलेले दिवस सोसायटीच्या बाकावर काढतात. त्यातला एक दिवस या बागेला द्यावा. ही सहल धावपळीची नाही आणि तशी ती करूही नये. एक बाग, नदीपलीकडचा किल्ला, दुपारचं जेवण आणि परतीची गाडी, एवढाच बेत.

पहिली तयारी पुण्यातच करायची. निघण्याच्या आठवड्यात एकदा सकाळी पु. ल. उद्यानात तासभर फिरून या. आपली बाग २००६ साली खुली झाली आणि साधारण १० एकरांची आहे. ओकायामाची बाग, म्हणजे कोराकुएन, सुमारे १३ हेक्टरांची, म्हणजे आपल्या तिपटीहून थोडी मोठी. पुण्यात तीन गोष्टी नीट पाहून ठेवा. कालव्याचं पाणी बागेत कुठून शिरतं आणि कसं वळवत नेलं आहे, ही पहिली. टेकाडावर चढल्यावर काय दिसतं आणि खाली उतरल्यावर काय लपतं, ही दुसरी. आणि पायवाट कुठेही सरळ का जात नाही, ही तिसरी. तिथे गेल्यावर याच तीन गोष्टी मोठ्या रूपात भेटतात, आणि मग ती बाग नुसती ‘छान हिरवीगार’ राहत नाही, कळायला लागते.

आता कुठून निघायचं ते. शिन-ओसाकाहून ओकायामा शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, साधारण ४५ मिनिटं, शिन-कोबेहून अर्ध्या तासाच्या थोडं वर, हिरोशिमाहून पाऊण तासाच्या आत. नागोयाहून पावणेदोन तास धरा, तरी दिवसात जमतं. घर तोक्योला असेल तर एका बाजूला सव्वातीन तास लागतात. एका दिवसात जाऊन येणं शक्य आहे, पण साठीच्या पुढच्या माणसांना ते करायला लावू नका. तिथून यायचं असेल तर ओसाका किंवा हिरोशिमाच्या मुक्कामात ओकायामा बसवा.

पोचल्यानंतरचे पहिले तीन दिवस सोडून द्या. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. पुण्यात सहाला उठणाऱ्या माणसाला तिथे साडेनऊला जाग येते, आणि आठची गाडी म्हणजे शरीराच्या हिशेबाने पहाटे साडेचार. झोप जुळल्यावरच निघा. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टचा मध्य आणि नववर्ष या तीन सुट्ट्यांच्या काळात गाड्या खच्चून भरतात. नोझोमी या जलद शिनकानसेन गाड्यांना तेव्हा विनाआरक्षण डबाच नसतो.

ऋतूंचं म्हणाल तर मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, मेमध्ये कोवळा हिरवा रंग, नोव्हेंबरच्या मध्यापासून लाल पानं. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस असतो, पण आपण मृगाची सवय असलेली माणसं. छत्री घेऊन बाग बघायला तेव्हा गर्दी नसते. कठीण आहे तो जुलैअखेर आणि ऑगस्ट. ३५ अंशांची दमट उकाडा असलेली दुपार असते आणि बागेच्या मधोमध सावली कमी. थंडीत हिरवळ वाळून पिवळसर सोनेरी होते. ती हयगय नव्हे, त्या गवताची जातच तशी. मात्र हिरव्यागार फोटोंच्या अपेक्षेने जानेवारीत गेलेल्यांची निराशा होते.

तिकीट

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश वाचा. शिनकानसेन ओसाका स्टेशनवर येतच नाही, ती शिन-ओसाकाला थांबते. तसंच कोबेला, शहरातल्या सान्नोमिया स्टेशनला नव्हे तर शिन-कोबेला. साधं तिकीट एका बाजूला माणशी ६,००० येनच्या थोडं वर पडतं. आई-बाबा तात्पुरत्या पाहुण्यांच्या व्हिसावर असतील तर त्यांच्यासाठी जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीचा ‘कानसाई वाइड एरिया पास’ बघा. तो सलग ५ दिवस चालतो, शिन-ओसाका ते ओकायामा शिनकानसेन त्यात येते आणि किंमत जवळपास एकदा जाऊन येण्याएवढीच. म्हणजे उरलेल्या चार दिवसांत हिमेजी, नारा, क्योतो त्याच पासवर. पण तिथे नोकरी करणाऱ्या मुलाला किंवा सुनेला हा पास मिळत नाही, कारण पासपोर्टवर ‘टेंपररी व्हिजिटर’ असा शिक्का किंवा चिकटपट्टी लागते. त्यांचं तिकीट वेगळं काढा आणि शेजारच्या जागा हव्या असतील तर दोन्ही आरक्षणं तिकीट खिडकीवर एकत्र करून घ्या.

साधं तिकीट काढलंत तर बहुधा हातात दोन कागद येतात, एक प्रवासाचा आणि एक जलद गाडीचा. फाटकाच्या यंत्रात दोन्ही एकदम, एकावर एक ठेवून घालायचे. पलीकडे ते बाहेर येतात, ते उचलायचे. फाटक उघडलं की माणूस चालू लागतो आणि तिकीट यंत्रातच राहतं. ही चूक इतक्या जणांची होते की घरून निघतानाच ‘तिकीट उचला’ असं बजावून ठेवावं. उतरल्यावर शेवटच्या फाटकात यंत्र ती ठेवून घेतं, तेव्हा घाबरू नका. आणि इकोका किंवा सुइकाचं साधं, आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड टेकवून शिनकानसेनच्या फाटकातून जाता येत नाही. ते ट्राम, लोकल आणि दुकानांसाठी.

पैसे वाचवायचे असतील तर ओसाकाहून हिमेजी आणि पुढे लोकल बदलत साधारण तीन तासांत, निम्म्या पैशांत जाता येतं. तरुणांनी जरूर करावं. गुडघे दुखणाऱ्यांनी नको, कारण आइओइला गाडी बदलताना जागेसाठी धावावं लागतं.

फलाटावर डब्याचा क्रमांक जमिनीवर लिहिलेला असतो. नोझोमी १६ डब्यांची, जवळजवळ ४०० मीटर लांब असते आणि गाडी मिनिटभरच थांबते. तेव्हा आपल्या डब्यासमोर आधीच जाऊन उभं राहा. ओकायामाला उतरताना तर अधिक सावध, कारण बऱ्याच गाड्या पुढे हाकाताला जातात. घोषणा झाली की लगेच उठून दाराशी या. जाताना उजवीकडची, म्हणजे ‘ई’ क्रमांकाची खिडकी मिळाली तर हिमेजी येताच पांढरा किल्ला क्षणभर दिसतो. बाकीचा बराच प्रवास बोगद्यांतून आहे, त्यामुळे खिडकीसाठी भांडू नका.

पिशवीत काय

पासपोर्ट प्रत्येकाच्या खिशात. पाहुण्यांनी तो सतत जवळ बाळगणं तिथे कायद्यानेच आवश्यक आहे, घरी कपाटात ठेवून निघू नका. दिवसाची औषधं, पाण्याची बाटली (नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, भरून घ्या), हातरुमाल, कारण स्वच्छतागृहं लख्ख असली तरी हात पुसायला काही असेलच असं नाही. एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी. रस्त्यात कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतात आणि कचरा परत घरी नेण्याचीच तिथे रीत आहे. १०० येनची दहाएक नाणी. पायात चटकन काढता येतील असे बूट आणि न फाटलेले मोजे. घराचा पत्ता जपानी लिपीत लिहिलेली चिठ्ठी आई-बाबांकडे वेगवेगळी द्या. चुकामूक झाली तर हीच कामाला येते. पोलिसांचा क्रमांक ११०, रुग्णवाहिकेचा ११९.

स्टेशन ते बाग

पूर्वेच्या बाजूने बाहेर पडा. समोर मोमोतारोचा पुतळा दिसला की बरोबर आलात. पीचमधून जन्मलेला, कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना घेऊन राक्षसांवर चालून गेलेला हा पोरगा, आणि ओकायामा त्याला आपलाच मानतं. नातवंडं बरोबर असतील तर इथे दहा मिनिटं जाणारच.

तिथून ट्राम घ्यायची. मार्ग दोन आहेत आणि दोन्ही इथूनच सुटतात. आपल्याला हवी ती हिगाशियामा मार्गाची. सेइकिबाशीची गाडी यानागावाला वेगळी वळते आणि बागेकडे जात नाही. उतरायचं शिरोशिताला, तिसरा थांबा. चढायचं मागच्या दाराने, उतरायचं पुढच्या दाराने आणि पैसे उतरताना. कार्ड नसेल तर चालकाशेजारच्या यंत्रात आधी नोट मोडून घ्या आणि मग नेमकं भाडं पेटीत टाका. पेटी सुटे परत देत नाही. नोट मोडायची जागा आणि भाड्याची जागा जवळजवळ असतात, म्हणून समोरचा काय करतो ते पाहून करा. सगळ्यांनाच चालायला जमत असेल तर मोमोतारो ओदोरी या सरळ रस्त्याने बाग २५ मिनिटांवर आहे. चालणं अगदीच नको असेल तर ‘कोराकुएन-माए’ची बस मुख्य दाराजवळ सोडते.

शिरोशिताहून बाग दहा मिनिटं. इथे एक निवड आहे. बहुतेक जण आधी किल्ला बघतात. आमचं मत उलट: आधी त्सुरुमी पुलावरून बागेच्या मुख्य दाराने आत शिरा, बाग संपवून दक्षिण दाराने बाहेर पडा, त्सुकिमी पुलावरून असाही नदी ओलांडा आणि किल्ल्यावर या. असं केलं की एकही वाट दोनदा तुडवावी लागत नाही, बाग उन्हाच्या आधी होते, आणि सहलीचे गट येण्यापूर्वी तासभर शांत मिळतो. बाग २० मार्च ते सप्टेंबरअखेर सकाळी ७.३० ते संध्याकाळी ६, बाकीच्या काळात ८ ते ५ उघडी असते. साप्ताहिक सुट्टी नाही. तिकीट काढताना बाग आणि किल्ल्याचं एकत्र मागा, स्वस्त पडतं. ज्येष्ठांच्या सवलतीचं पासपोर्ट दाखवून विचारा, आणि चालण्याचा त्रास असेल तर चाकाच्या खुर्चीचंही.

कोराकुएन: दोन तास, घाई नाही

ओकायामाचे सरदार इकेदा त्सुनामासा यांनी १६८७ मध्ये आपले कारभारी त्सुदा नागातादा यांच्या हातून काम सुरू केलं आणि १७०० साली बाग पुरी झाली. म्हणजे इकडे संभाजीराजांच्या काळात सुरू होऊन राजाराम महाराजांच्या निधनाच्या वर्षी संपलेलं काम. १८८४ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. कानाझावाची केनरोकुएन, मितोची काइराकुएन आणि ही, या तीन जपानच्या सर्वश्रेष्ठ बागा मानल्या जातात. नावाचा अर्थ ‘मागाहूनचं सुख’: राज्यकर्त्याने आधी जगाची काळजी वाहावी आणि सुख सर्वांनंतर भोगावं, या जुन्या चिनी विचारावरून ते आलं.

आत शिरल्यावर जपानी बागेची नेहमीची दाटी दिसत नाही. मोकळी हिरवळ, लांबवर पाणी, मध्ये टेकाड. हेच हिचं वेगळेपण. एन्यो-तेइ या सरदारांच्या बैठकीच्या घरासमोर उभं राहा. बाग इथून बघण्यासाठीच रचली आहे. समोर सावा-नो-इके तळं आणि त्यातली छोटी बेटं, मागे झाडांवर डोकावणारा काळा किल्ला आणि दूर मिसाओ डोंगर. किल्ला आणि डोंगर बागेच्या हद्दीबाहेर आहेत, पण माळ्याने ते चित्रात धरले आहेत. याला जपानी बागकामात ‘उसनं घेतलेलं दृश्य’ म्हणतात. एकदा हे कळलं की प्रत्येक वळणावर झाडांची उंची नेमकी तेवढीच का छाटली आहे ते समजतं.

मग पाण्याच्या बाजूने चाला. असाही नदीचं पाणी वरच्या अंगाने आणून बागेत खेळवलं आहे; आतला ओहोळ सुमारे ६४० मीटर लांब आहे. तो कधी रुंद होतो, कधी खळाळतो, कधी तळ्यात मिसळतो. त्याचा हात सोडला नाही की सगळी बाग आपोआप पाहून होते, नकाशा लागत नाही. मधलं युइशिन-झान टेकाड सहाच मीटर उंच आहे. दगडी पायऱ्या थोड्या उंच-सखल आहेत, पावसात घसरतात. पण बरोबरच्यांनी हात धरून का होईना, वर न्या. तिथूनच ओहोळाची सगळी वळणं एका नजरेत येतात. हे टेकाड त्सुनामासांचा मुलगा त्सुगुमासा याने नंतर घडवलं.

बसायची जागा मात्र एकच, र्‍युतेन. दोन्ही बाजूंनी उघडं घर आणि घराच्या मधोमधून तोच ओहोळ वाहतो, त्यात मांडलेले रंगीत दगड. बूट काढायचे आणि पाण्याकडे तोंड करून बसायचं. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यातून बागेतल्या फार थोड्या वास्तू वाचल्या, त्यांतली ही एक. इथे वीस मिनिटं तरी द्या. आई-बाबांना या सहलीतलं पुढे हेच आठवतं. शेजारी यात्सुहाशी हा फळ्यांचा नागमोडी पूल आणि आयरिसची फुलं, जूनमध्ये बहरात.

पुढे चहाचा मळा आणि भाताचं खाचर. सरदाराच्या बागेत भातशेती कशाला, हा प्रश्न आपल्याकडच्या मावळातल्या माणसाला नक्की पडतो. पूर्वी बागेचा बराच भाग शेतीचाच होता; हिरवळ हळूहळू वाढत गेली. मुख्य दाराजवळ तांबड्या टोपीचे सारस आहेत. इथले सारस युद्धानंतर उरले नव्हते. १९५६ मध्ये चीनचे लेखक गुओ मोरुओ, जे तरुणपणी ओकायामात शिकले होते, यांनी जोडी पाठवली आणि ते पुन्हा आले.

चूक एकच होते: पाऊण तासात फेरी मारून ‘पाहिलं’ म्हणणं. दोन तास धरा. वाटा खडीच्या आहेत, पाय लवकर दमतात, म्हणून दर वीस मिनिटांनी बसा.

किल्ला

ओकायामाचा किल्ला काळा, म्हणून त्याला ‘कावळ्याचा किल्ला’ म्हणतात. उकिता हिदेइए यांनी तो १५९७ मध्ये पुरा केला. मूळ बुरूज २९ जून १९४५ च्या हल्ल्यात जळाला. आजचा १९६६ चा काँक्रीटचा आहे, २०२२ मध्ये आतून नव्याने मांडलेला. तेव्हा लाकडी जिन्यांचा जुना किल्ला हवा असेल तर तो हिमेजीला. इथे आत चढणं ऐच्छिक समजा. लिफ्ट आहे, पण ती अगदी वरच्या मजल्यापर्यंत जात नाही. वेळ सकाळी ९ ते ५.३०, शेवटचा प्रवेश ५ वाजता. खरं सुंदर दृश्य बाहेरचं आहे: त्सुकिमी पुलाच्या मध्यावरून, खाली नदी आणि वर काळ्या भिंती. फोटो तिथेच काढा.

जेवण

शाकाहारी असाल तर हा भाग महत्त्वाचा. ओकायामाचं नावाजलेलं जेवण, म्हणजे बाराझुशी, मामाकारी मासा, गडद सॉसचा कात्सुदोन, यातलं काहीच चालणार नाही. आणि जे दिसायला शाकाहारी, ते असतंच असं नाही. उदोन नूडल्स, मिसो सूप, भाज्यांचा रस्सा यांच्या तळाशी बहुधा वाळवलेल्या माशाचं पाणी असतं. पाकिटामागच्या अॅलर्जीच्या यादीवर विसंबू नका. तिथे अंडं, दूध, गहू लिहिणं सक्तीचं आहे, पण या पाण्यातला कात्सुओ मासा त्या यादीत नाही. मुलाला घटकांची पूर्ण यादी फोनच्या कॅमेऱ्याने वाचायला सांगा.

म्हणून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, भाजलेले शेंगदाणे घरून बांधून न्या. शिनकानसेनमध्ये खायला काहीच हरकत नाही; लोकल आणि ट्राममध्ये मात्र खाऊ नये, आणि चालता चालताही. वासाचं लोणचं बंद डब्यातच ठेवा. कॉन्बिनीतला, म्हणजे रात्रंदिवस उघड्या दुकानातला, फक्त मिठाचा ओनिगिरी (भाताचा गोळा), शिओ-मुसुबी, सहसा चालतो. उमे या आंबट फळाच्या ओनिगिरीतही कधी माशाचा अर्क असतो, वाचून घ्या. बसून गरम जेवायचं असेल तर स्टेशनच्या भागात भारतीय-नेपाळी हॉटेलं शोधा, पण दीडच्या आत पोचा. बरीच स्वयंपाकघरं दोन-अडीचला शेवटची ऑर्डर घेऊन संध्याकाळपर्यंत बंद होतात. बागेतल्या चहाघरात माच्चा हा हिरवा चहा आणि किबी दांगो हे गोड मात्र निश्चिंतपणे घ्या.

दुपारनंतर: कुराशिकी की नको?

दोन वाजता मंडळी ताजीतवानी असतील तरच. ओकायामाहून कुराशिकी लोकलने सुमारे १७ मिनिटं, तिथून जुन्या कालव्याकाठचा बिकान भाग पायी १०-१५ मिनिटं. पांढऱ्या भिंतींची कोठारं, काठावरच्या विलो आणि १९३० साली सुरू झालेलं ओहारा कलादालन. पाश्चात्य चित्रांचं जपानातलं हे पहिलं संग्रहालय, एल ग्रेकोचं चित्र इथे आहे. सोमवारी ते बंद असतं. परत ओकायामालाच या. शिन-कुराशिकी हे स्टेशन वेगळं, शहरापासून दूर. दमले असाल तर हे सगळं सोडून द्या आणि नदीकाठी बसा. कुराशिकी दुसऱ्या दिवशीही करता येतं, पासवर तर जादा पैसेही नाहीत.

परतताना

परतीचं आरक्षण साडेपाच-सहाच्या सुमाराचं ठेवा आणि स्टेशनवर अर्धा तास आधी या, कारण खरेदी तिथेच होते. किबी दांगो शेजाऱ्यांसाठी उत्तम, तांदळाचं आणि बाजरीवर्गातल्या धान्याचं मऊ गोड. डब्यावरची तारीख पाहून घ्या, फार दिवस टिकत नाही. पुण्याला न्यायचं असेल तर बिझेनची मातीची पेला-वाटी घ्या. तिला झिलई नसते, भट्टीत लाकडाच्या राखेने आणि ज्वाळेने जो रंग येतो तोच. बॅगेत कपड्यांच्या मधोमध गुंडाळा.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर पांढरे पीच दिसतील, एकेक जाळीत बसवलेलं, दर पाहून छाती दडपेल असं. दोनच घ्या. ते भारतात नेता येत नाहीत, ताजी फळं विमानतळावर अडतात. पिशवीच्या तळाशी कधीही ठेवू नका, बोटाचा दाब पडला तरी काळे पडतात. हातात धरून आणा. घरी पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये टाकू नका. ओट्यावर राहू द्या, जेवणाआधी तासभर थंड करा आणि सगळे बसलात की कापा.